वरची बाजू

धनश्री: नाही तात्या, ‘अजिंक्य’ म्हणायचं नाही. दुसरं काहीही म्हणा, तेवढं नको.

तात्या: का म्हून? या मैदानावर हरलो का आमी कवा? इचार कुनाला बी.

धनश्री: कुणाला विचारू? थोड्या वेळात कानिफआबाच येऊन बसणार आहेत समोर. तुमच्याकडून हरलेले तेच. जोगेवाडीचे कॅप्टन.

तात्या: मग त्याला तर म्हाईतच हाय. सांगायचा तरास वाचला.

धनश्री: तात्या, ते आज जोगेवाडीचे म्हणून येत नाहीयेत. जिल्हा लीगच्या कमिटीचे म्हणून येतायत. मैदान बघणार, मंडळाचा इतिहास विचारणार आणि हो किंवा नाही सांगून जाणार. ते नाही म्हणाले तर दगडखांडचं नाव यंदाही लीगमध्ये लागत नाही. आणि पोरांनी मला साफ सांगितलंय, यंदा नाही झालं तर मंडळ बंद. गोलाचे खांब उपटून टाकू म्हणाले.

तात्या: कोन म्हनलं आसं? करण म्हनला आसंल. त्याचं डोस्कंच गरम.

धनश्री: सगळे म्हणाले. त्यांचं काय चुकलं? कळायला लागल्यापासून वरची आळी विरुद्ध खालची आळी खेळतायत. किती दिवस आपल्याच चुलतभावाला गोल मारायचा? मीही कंटाळलेय, तात्या. शाळेत पीटी शिकवते, सुटले की पाथर्डीहून धावत इथं येते, पोरं पळवते, आणि दरवर्षी नगरहून तेच उत्तर. आज शेवटचं. तेव्हा नीट तालीम करू. मी कानिफआबा आहे असं समजा. "मंडळाची स्थापना कशी झाली?"

तात्या: तू कानिफ? कानिफला मिशा हायत्या.

धनश्री: तात्या!

तात्या: बरं, बरं. तर आमी त्या साली कोल्हापूरकडं गेल्तो, ऊसतोडीला. मी तवा मिसरूड फुटल्यालं पोरगं. आपल्या गावच्या दगडाबाईचा नवरा टोळीचा मुकादम हुता. त्याला दमा लई. रातच्याला खोकायला लागला की सगळी टोळी जागी...

धनश्री: दमा नको. फुटबॉल.

तात्या: दमा कसा नको? त्याच्या दम्याच्या गोळ्या आनायलाच तर ट्रक कोल्हापुरात जायचा! कारखान्यावर ऊस खाली झाला की ड्रायव्हर शहरात घ्यायचा. तो गोळ्या घेनार, च्या पिनार, तंवर आमी मैदानाच्या भितीवर. दमा नसता तर फुटबॉल बी नसता दगडखांडात.

धनश्री: ठीक आहे. आणि ती भिंत? ती सांगायची का?

तात्या: आजाबात न्हाई. भितीचं नाव काढायचं न्हाई. जोगेवाडीला आमी सांगितल्यालं, आमी कोल्हापुरात खेळून आलोय.

धनश्री: म्हणजे खोटं.

तात्या: खोटं कसं? भितीवर बसून पाय हालवतच हुतो की.

धनश्री: देवा.

तात्या: हासू नगंस. जोगेवाडी म्हंजी बागाईतदार. पाटाच्या पान्यावरची मानसं. आमाला कोयतेवाले म्हनायची. त्यांच्याम्होरं सांगायचं का, की आमाला आत सोडलंच न्हाई कुनी, भितीवरनं बघितलं? म्या तुला आत्ताच बजावून ठिवतो. शिकून आले म्हन, खेळून आले म्हन. पर भित न्हाई.

धनश्री: बरं, नाही सांगत. पण मग ‘खेप’ही म्हणू नका. ‘हाफ’ म्हणा. नगरला कुणाला खेप कळत नाही.

तात्या: आमी खेपच म्हनायचो. ट्रक खाली करून परत उसाच्या फडावर निघायचा, तंवर जेवढा खेळ दिसायचा ती एक खेप.

धनश्री: आणि तुम्हाला वाटलं, खेळ तेवढाच असतो.

तात्या: वाटनारच की! चांगली तगडी मानसं घाम पुशीत खाली बसायची. लिंबाच्या फोडी चोखायची. तिकडं ड्रायव्हर हॉर्न मारायचा. तू असतीस तर तुला काय वाटलं असतं? आमी म्हनलं झालं, संपलं. मारल्या उड्या.

धनश्री: मला इतका राग येतो ना कधी कधी. अहो, दरवर्षी जात होतात, दरवर्षी बघत होतात. एकदासुद्धा कुणाच्या मनात आलं नाही की थांबून बघावं?

तात्या: थांबून? ट्रक का तुझ्या आज्याचा हुता?

धनश्री: माझा आजा तुम्हीच.

तात्या: म्हून तर म्हाईत हाय मला, ट्रक माझा न्हवता.

धनश्री: आणि त्यामुळं या गावात वर्षानुवर्षं अर्धाच सामना झाला. बाजू न बदलता. तेही ओढ्याकडं उतार असलेल्या मैदानावर. दगडखांड कायम वर, जोगेवाडी कायम खाली. आणि वर ‘अजिंक्य’!

तात्या: पाव्हन्याला पान्याजवळची जागा द्यावी. ओढा खाली हुता. आमी चांगल्या मनानं दिली.

धनश्री: त्यांच्या गावात का नाही खेळलात कधी?

तात्या: तितं समदा ऊस. मोकळी जागा ठिवतील तर ते जोगेवाडीकर कसले. आन कानिफ तवा कवा बोलला का, की मला वर जायचंय? त्याला बी आमीच शिकीवला खेळ. त्याला काय ठावं! बॉल वर मारायचा, बॉल घरंगळत माघारी यायचा. त्यो म्हनायचा, गोरक्ष, तुज्या गावचा बॉलच तुज्या वळखीचा हाय.

धनश्री: मग टीव्हीवर वर्ल्डकप आला.

तात्या: ते तू काढू नगंस.

धनश्री: मी नाही काढत, ते काढणार. तुम्ही काय सांगणार ते आधी ठरवा.

तात्या: ग्रामपंचायतीचा नवा टीव्ही. देवळाम्होरं ठिवल्याला. जोगेवाडीची बी आल्ती बघाया. मानसं खाली बसली, आमी बी उठलो, झालं म्हनून. तर परत सुरू! आन उलट्या बाजूला पळत्यात! सरपंच म्हनलं चित्र उलटं झालं, आन अँटिना फिरवाया पत्र्यावर चढलं. निम्मा गाव वरडतोय, डावीकडं, आजून डावीकडं. लई येळ गेला. मंग शाळंचं मास्तर म्हनलं, आहो उतरा खाली, खेळात बाजू बदलायची असती.

धनश्री: आणि कानिफआबा?

तात्या: उठून गेला. कुनाशी बोलला न्हाई. दुसऱ्या सकाळी सायकलवर दारात हजर. म्हनला, दुसरी खेप राहिलीय. सगळ्या सामन्यांची. आता मी वर, तू खाली, काढ बॉल.

धनश्री: मग खेळायचं होतंत!

तात्या: समद्या? किती सालाच्या? झाल्याला खेळ परत उकरतो का कुनी? म्या म्हनलं, हरलास ते हरलास. त्यो म्हनला, तुमी कोल्हापुरात खेळून आल्याले, तुमाला म्हाईत हुतं, तुमी फशिवलं. गेला. तवापास्नं जोगेवाडीचं पाऊल न्हाई या मैदानात. बाकीच्या गावांत बी हेच पसरलं. कोन खेळंना आमच्यासंगं. पुढं त्यो एस्टीत कंडक्टर लागला, नगरला राह्यला गेला, कमिटीत गेला. आन आमी हितंच.

धनश्री: झाला तुमचा इतिहास. याच्यात मी सांगू काय? सांगा ना. एक ओळ द्या मला सांगण्यासारखी.

तात्या: अजिंक्य.

धनश्री: तात्या, मी रडेन हं आता.

तात्या: तू रडनार? रडायचं म्या. म्या ज्या मैदानाव खेळलो त्येच तू ठिवलं न्हाईस. जेशीबी घालून सपाट केलंस, मला न इचारता. पाटीवरलं पुसावं तसं.

धनश्री: कमिटीची अट आहे, मैदान सपाट पाहिजे! रस्त्याच्या कामावरच्या लोकांच्या हातापाया पडून ते मशीन आणलं मी. पोरांनी भर उन्हात मुरूम पसरला. एक माणूस शाबासकी देईना. तुम्ही तर आठवडाभर इकडं फिरकलाच नाहीत.

तात्या: काय बघाया फिरकू? खळं?

(कडेच्या बाभळीपाशी मोटार थांबते, दार लावल्याचा आवाज.)

धनश्री: आले. तात्या, टोपी सरळ करा. आणि हात जोडते, भांडू नका. या आबा, या. मी धनश्री, मंडळाची सेक्रेटरी. फोनवर बोललो होतो आपण. बसा ना, चहा सांगितलाय.

कानिफनाथ: चहा नंतर. मैदान दाखवा आधी.

धनश्री: हे काय, समोरच आहे.

कानिफनाथ: हे नव्हे. ओढ्याकाठचं, जुनं.

धनश्री: तेच आहे, आबा. तो बघा ओढा.

कानिफनाथ: आणि चढ?

धनश्री: काढला. पूर्ण सपाट केलंय. कुठूनही बघा, पाणी ओतलं तरी वाहणार नाही.

कानिफनाथ: चढ काढला.

धनश्री: हो. तुमच्या नियमात आहे ना, मैदान समतल असावं म्हणून.

कानिफनाथ: आहे. तो नियम मीच घालून घेतला. हेच मैदान डोळ्यांपुढं ठेवून घातला. कमिटीत सगळे म्हणत होते, खेड्यातली मैदानं आहेत, चालायचंच थोडं वरखाली. मी अडून बसलो होतो.

धनश्री: मग झालं की तुमच्या मनासारखं.

कानिफनाथ: नाही झालं.

तात्या: बघ. म्या म्हनलं हुतं.

कानिफनाथ: तू गप रे, गोरक्ष. राम राम बी न्हाई केला म्या तुला आजून.

तात्या: मग कर की.

कानिफनाथ: राम राम.

तात्या: राम राम. म्हातारा झालास.

कानिफनाथ: तू काय कवळा राहिलास? पोरी, सकाळी नगरहून निघताना मी बूट घेतले गाडीत. सूनबाई हसली. म्हटलं हसू दे. मला सामना नको होता, काही नको होतं. वरच्या खांबापाशी उभं राहून एक बॉल खाली मारायचा होता. एकच. ओढ्यात गेला असता तरी चाललं असतं. मी तिथं उभाच राहिलो नाही गं कधी. तिथनं खालचा माणूस कसा दिसतो, ते बघायचं होतं.

धनश्री: आबा, मला काय स्वप्न पडलं होतं का! अट सपाटची घालायची आणि मनात चढ धरून यायचं! मी कुणाकुणाचं मन सांभाळू? यांना वरची बाजू गेली म्हणून राग, तुम्हाला मिळाली नाही म्हणून राग. आणि माझी पोरं? त्यांनी ना वरची बघितली, ना खालची. त्यांना फक्त दुसऱ्या गावाशी खेळायचंय!

कानिफनाथ: आवाज चढवू नका, मॅडम. पोरांचंच बोलू. दिवाळीनंतर लीग सुरू होते. दिवाळीनंतर तुमची पोरं कुठं असतात?

धनश्री: तोडीला.

कानिफनाथ: मग खेळणार कोण? गावातल्या म्हाताऱ्या?

धनश्री: त्यावर मी मार्ग काढलाय. आमचे निम्मे सामने दिवाळीच्या आधी लावा. टोळ्या निघायच्या आत. उरलेले गुढीपाडव्यानंतर, पोरं परत आली की. दोन वर्षं मी हेच सांगतेय कमिटीला, कुणी ऐकून घेत नाही.

कानिफनाथ: म्हणजे अर्धं खेळायचं आणि निघून जायचं. तुमच्या गावाला सवयच आहे ती.

तात्या: कानिफ्या, तोंड सांभाळ.

कानिफनाथ: का सांभाळू? तुला ठाऊक होतं. कोल्हापुरात खेळून आलेला माणूस तू. बाजू बदलतात हे तुला ठाऊक नव्हतं? आख्ख्या जोगेवाडीला खाली उभं करून हसलात तुम्ही.

धनश्री: नव्हतं ठाऊक! ते खेळलेच नव्हते!

तात्या: धने...

धनश्री: असू दे, तात्या. काय राहिलंय आता लपवण्यासारखं? आबा, हे कोल्हापुरात कधी खेळले नाहीत. ऊस खाली करून आलेली पोरं, आत कोण घेणार त्यांना? भिंतीवर बसून बघायचे. आणि तेही अर्धंच. मधली सुट्टी झाली की ट्रकवाला हॉर्न मारायचा, की हे उड्या मारून पळायचे. खेळ तेवढाच असतो असंच वाटायचं यांना. जेवढं बघितलं तेवढंच तुम्हाला शिकवलं. त्या दिवशी टीव्हीसमोर जेवढे तुम्ही चक्रावलात ना, तेवढेच हेही.

कानिफनाथ: गोरक्ष, खरं हाय हे?

तात्या: तिला न्हाई म्हनून सांगितल्यालं म्या.

कानिफनाथ: म्या इचारतोय, खरं हाय का?

तात्या: व्हय. खरं हाय. भितीवरनं बघितलं. वर काचा लावल्याल्या हुत्या, त्याच्यावर पोती टाकायचो.

कानिफनाथ: आन हे तू मला त्या सकाळी का न्हाई सांगितलंस? म्या दारात उभा हुतो तुझ्या.

तात्या: तू सायकलीवर, मळ्याचा मालक. आन म्या कोयता घासत बसल्यालो. तुला सांगू, की मला आत सोडत न्हवते? एकाच गोष्टीत तर म्या तुझ्यापरीस वर हुतो, कानिफ. तीबी सोडू?

कानिफनाथ: आरं, पर म्या समद्या जिल्ह्यात सांगत हिंडलो, दगडखांड लबाड हाय म्हनून. एस्टीत, इस्टँडवर, कमिटीत. हिचा अर्ज आला की म्याच म्हनायचो, त्या गावाचं नाव काढू नका.

धनश्री: तुम्ही? दोन्ही वर्षं तुम्ही अडवलंत?

कानिफनाथ: म्याच.

धनश्री: आणि मी इथं मैदान सपाट करत बसले.

तात्या: पोरी, हुंदका देऊ नगंस. त्याच्याम्होरं न्हाई.

धनश्री: देणार! त्याच्याम्होरं नाही, तुमच्याम्होरं नाही, मग कुठं देऊ? तुम्ही एक वाक्य बोलला नाहीत, यांनी एक वाक्य विचारलं नाही, आणि आम्ही सगळे त्यात अडकलो. करणच्या पायात काय खेळ आहे माहितीय तुम्हाला? त्याच्या बापाचा गेला, तसाच त्याचाही जायचाय, ऊस तोडत. कुणी बघितलासुद्धा नसेल.

कानिफनाथ: करण कुनाचा?

तात्या: अंगदचा.

कानिफनाथ: आपल्या डाव्या पायाच्या अंगदचा? कसा हाय त्यो?

तात्या: उसाची मोळी घिऊन ट्रकाच्या शिडीवरनं पडला. कंबर गेली. आता बाजंवरच असतो.

कानिफनाथ: त्यानं मला लई गोल मारले.

तात्या: वरनं मारले.

कानिफनाथ: त्यानं खालनं बी मारले असते. त्याचं ते वेगळंच हुतं.

धनश्री: आबा, मला उत्तर द्या. हो की नाही. नाही तर नाही सांगा, मी जाते आणि पोरांना सांगते.

कानिफनाथ: वेळापत्रक म्याच लावतो. जोगेवाडी लीगमध्ये हाय, ती माझं ऐकती. पहिला सामना दगडखांड-जोगेवाडी, दसऱ्याच्या आत, नगरच्या मैदानावर. आनखी दोन गावं बोलून बघतो. बाकीचे पाडव्यानंतर. कमिटी लगेच न्हाई ऐकायची. लीग कुनासाठी थांबत न्हाई म्हनत्यात. भांडावं लागंल.

धनश्री: कोण भांडणार?

कानिफनाथ: ज्यानं घाण केली त्यानं.

धनश्री: आणि नाहीच ऐकलं तर?

कानिफनाथ: तर पहिला सामना तर झाल्याला असंल. तेवढं माझ्या हातात हाय, तेवढं देतो. पर पाडव्याला तुमची पोरं माघारी येतील ना? सगळी? मधीच कारखान्याचा हंगाम वाढला, टोळी अडकली, असं व्हतं.

तात्या: येत्यात. घरं हितंच हायती.

धनश्री: मग सांगू पोरांना? खांब राहू देत म्हणून?

कानिफनाथ: सांग. आन मैदान चांगलं केलंस, पोरी. मला आवडलं न्हाई, पर चांगलं केलंस.

तात्या: मलाबी न्हाई आवडलं.

धनश्री: कळलं हो दोघांचं. मी आले पोरांना सांगून. चहा येईल, तोवर भांडू नका.

कानिफनाथ: तू येशील का रं नगरला, सामन्याला?

तात्या: बघू. आमच्याकडची शेवटची एस्टी लवकर सुटती. तिच्यासाठी मधीच उठावं लागंल.

कानिफनाथ: पोराची गाडी हाय. शेवटची शिट्टी वाजल्यावर निघू.